गव्हाणीचे पाय

मिरजेला आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली, "वाकायचं नाही. घागर नाही, झाडू नाही, काही नाही. वाकल्या तर पुन्हा इथंच याल." मी सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, हुकूम मिळाला की 'जी सर' म्हणायची सवय. 'जी सर' म्हणालो आणि गाडीत बसल्यावर तो हुकूम आईला जसाच्या तसा ऐकवला. तिनं ऐकून घेतलं. तासगाव मागं पडलं. मग म्हणाली, "म्हशीची गव्हाण तर भुईला हाय."

विट्यापासून थोडं आत आमचं गाव. घरापुढं पत्र्याचा गोठा आणि गोठ्यात एकच म्हैस, आमच्या भागात सगळीकडं दिसते त्या लांब शिंगांच्या जातीची. शिंगं मागं वळून पार खांद्याच्या पलीकडं गेलेली. वडील गेले त्याच पावसाळ्यात ती जन्मली. त्या वर्षी आईला पहाटे अंथरुणातून उठायला दुसरं काही कारण उरलं नव्हतं. रेडकू होतं, म्हणून ती उठली. मी तेव्हा सीमेवर, भाऊ तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात. आईजवळ कोण होतं, तर म्हैस होती. हे मला तेव्हाही कळत होतं, पण तिकडं हजारो मैलांवर बसून मी कळून काय करणार होतो?

ऑपरेशननंतर भावाचा रोज फोन यायला लागला. तो आईच्या बाबतीत माझ्यापेक्षा हळवा, आणि हळव्या माणसाला घाई फार. "दादा, मी दिवाळीला आलो की म्हस ईकून टाकू. दारात म्हस असली की आये गप बसणार न्हाई. वाकंल, आन् परत मिरज." त्याचं काही चूक नव्हतं. पण इकडं आई कमरेला पट्टा बांधून दारातल्या खुर्चीत बसायची आणि दिवसभर गोठ्याकडं बघायची. माझी बायको वैरण टाकायला गेली की आई खुर्चीतूनच सांगायची, "तशी नगं गं, मोकळी करून टाक." दोन दिवस म्हशीनं वैरणीला नीट तोंड लावलं नाही आणि आईनं भाकरीला. तिसऱ्या दिवशी ताट तसंच परत आलेलं बघून माझं डोकं फिरलं. मी भावाला फोन लावला आणि म्हणालो, "दिवाळीपतूर येळ दे. आये न वाकता वैरण घालाय लागली तर म्हस ऱ्हाईल. न्हाई जमलं तर तू म्हणशील तसं."

आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "म्हंजे म्हशीचं आता तुज्या हातात हाय म्हन की."

"हाय," मी म्हणालो.

म्हणालो खरा, कारण फौजेत माझं काम वेल्डिंगचं होतं. मोठमोठ्या गाड्यांच्या चेसी जोडल्यात मी, आणि निवृत्त झाल्यावर गावातच फाटकं-ग्रिलचं छोटं दुकान टाकलंय. एका म्हशीचं ताट जरा उंचावर ठेवायचं, त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. आम्ही कामं वाटून घेतली. शेण बायको काढणार, धार मी काढणार, आणि वैरण आई घालणार. बायकोनं हलकी पाटी भरून उंच स्टुलावर ठेवायची, आईनं ती उचलून गव्हाणीत ओतायची, एवढंच. फक्त गव्हाण तिच्या हाताला आली पाहिजे.

निळं प्लॅस्टिकचं बॅरल उभं चिरून अर्धं केलं. कापलेल्या कडेला जुनी पाण्याची नळी फाडून बसवली, म्हशीचा गळा कापू नये म्हणून. इथवर झकास जमलं, आणि इथंच मी आळस केला. दिवाळीच्या तोंडावर दुकानात फाटकांची कामं तुंबली होती. म्हणून घरामागं पडलेले निलगिरीचे वासे घेतले आणि खिळे मारून घडवंची ठोकली. दुपारी बॅरल तिच्यावर ठेवलं, पेंड घातली, म्हैस आणून बांधली. तिनं पेंड चाटूनपुसून खाल्ली. मग मान खाजली म्हणून घडवंचीला घासली, घासताना मान तिरकी केली, आणि शिंग वाशांच्या मध्ये अडकलं. पुढं जे झालं ते बघायला निम्मी आळी जमली. घडवंची शिंगावर, बॅरल पाठीवर आणि म्हैस गोठाभर नाचतेय. आई दारातून ओरडली, "आरं, शिंग मोडंल तिचं!" माझ्या पायावर वासा पडला होता, त्याची विचारपूस कुणी केली नाही.

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. "लोकांच्या फाटकांना लोखंड आन् आत्याबाईंच्या म्हशीला सरपण व्हय?" असं वर म्हणाली. मला खरं बोललेलं झोंबतं. मी मोटारसायकल काढली, विट्याला गेलो आणि नेहमीच्या टेम्पोतून लोखंड घेऊन आलो. पायांना दोन इंची चौकोनी पाइप, वरच्या चौकटीला अँगल, खाली टेकायला जाड पट्टीचे तुकडे.

माप घेतल्याशिवाय मी पाइपला हात लावत नाही. आईला सोप्यातल्या भिंतीला टेकून उभं केलं. "हात कोपरात वाकीव," म्हणालो. गव्हाणीची कड कोपराच्या उंचीला आली की पाटी अलगद रिकामी होते आणि तळातलं खाऊन उरलेलं चघाळही न वाकता काढता येतं, असा माझा हिशोब. आई उभी राहिली. हनुवटी वर, नजर समोर, श्वास कोंडलेला.

"श्वास घे की, आये."

"तू माप घे आदी."

जमिनीपासून कोपरापर्यंत तीन फुटाला अर्धा इंच कमी भरलं. दोनदा टेप लावली, भिंतीवर खडूनं रेघ मारली. ऑपरेशननं आई किती ताठ झाली बघा, म्हणून मला फार बरं वाटलं. मिरजेच्या डॉक्टरांना मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला आणि दुकानात गेलो.

ते दोन दिवस मजेत गेले. कुणाचं फाटक करताना मी एवढा कधी रमत नाही. चारही पाइप एका मापात कापले, गुण्या लावून चौकट काटकोनात जुळवली, आधी थेंब थेंब टाके मारून उभी करून बघितली, मग सांधा न् सांधा भरून काढला. पुढच्या दोन पायांच्या मध्ये आडवं काही ठेवलं नाही, शिंग अडकायला जागाच नको. तिरपे आधार सगळे बाजूला आणि मागच्या अंगाला दिले. गोठ्याच्या कोब्यात भोकं पाडून चारही पाय बोल्टनं आवळले. मग मी स्वतः वर चढून उड्या मारल्या. बायको म्हणाली, "बास आता, म्हस काय उड्या मारणार न्हाई." म्हैस आणली. तिनं वास घेतला, मान घासली, शिंग पायावर आदळलं. टण्ण वाजलं, पण काही हललं नाही. म्हशीनं थांबून माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं बघितलं आणि मिशीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वैरण घालायला आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती गोठ्यात पाय ठेवत होती. धुवट लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. म्हशीनं तिला बघून मान वर केली आणि घशातून बारीक आवाज काढला, तो मी आजवर ऐकला नव्हता. आईनं स्टुलावरची कुट्टीची पाटी उचलली, गव्हाणीपाशी नेली, आणि पाटीची कड बॅरलच्या कडेवर आपटली. निम्मी कुट्टी तिच्या अंगावर. बायकोनं दुसरी पाटी भरून दिली. ह्या वेळी आईनं चवड्यांवर उभं राहून हात उंच केले, पट्टा बरगड्यांवर सरकला आणि तिचा चेहरा कळवळला. ती पाटीही निम्मी खाली गेली. म्हैस आपली खाली सांडलेलं खात होती, जशी गेली बारा वर्षं खात आली होती तशी.

"झ्याक बसलंय," आई म्हणाली. तिच्या केसात कुट्टी होती.

माझा तोल गेला. आता लिहितानाही लाज वाटते, पण मी तिच्यावर ओरडलो. "काय झ्याक? दोनदा माप घेतलंय म्या! तुज्या कोपराचं माप हाय ते! तूच पाटी नीट धरीनास!"

ती खांद्यावरच्या काड्या एकेक वेचून म्हशीपुढं टाकत राहिली. मी म्हणालो, "चल घरात, परत माप घेतो." तिला त्याच भिंतीला टेकून उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं. कोपर खडूच्या रेघेच्या चार बोटं खाली होतं.

मी टेप बघितली, रेघ बघितली. कुणी रेघ पुसून वर ओढली की काय, असंही क्षणभर वाटलं. मग माझी नजर खाली गेली, लुगड्याच्या काठापाशी, जिथं तिची पावलं काठाखाली झाकलेली होती.

"आये, त्या दिशी टाचा उचलल्या हुत्यास का?"

समोरच्या कोनाड्याकडं बघत ती म्हणाली, "उलुशा."

"कशापायी?"

"वाकल्याली दिसली असती तर तुमी दोगं म्हणला असता, हिच्यानं काय हुतंय आता. आन् म्हस दिली असती."

मी तिथंच खाली बसलो. आमच्या भागात टाचा उचलायला कुणाला शिकवावं लागत नाही. भरतीच्या मैदानावर उंचीच्या खांबाखाली उभं राहिलं की अर्ध्या इंचानं कमी पडणारी पोरं काय काय करतात, ते मी केलेलं आहे. माप घेणारा हवालदार टेपकडं बघायच्या आधी टाचांकडं बघायचा. माझ्या टाचेवर छडी मारून तो म्हणाला होता, "एड़ी नीचे." मी घरी येऊन रडलो होतो आणि आईनं पुढचे सहा महिने मला रोज परसातल्या आंब्याच्या फांदीला लोंबकळायला लावलं होतं. दुसऱ्या भरतीला घेतला मला. एवढं सगळं माहीत असलेला मी, आईचं माप घेताना टेपकडं बघत बसलो. आईच्या टाचा कोण तपासतो? तिला वाकलेली दिसायची भीती घातली होती ती आम्हीच, मी आणि भावानं, आणि वर तिच्यावर ओरडलोही मीच. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ रं, काय लहान हायस का." आणि डोक्यावर हात ठेवला.

"आता काय करनार हायस?" तिनं विचारलं. आवाजात धाकधूक होती. दिवाळीला सहा दिवस राहिले होते.

"पाय कापतो," मी म्हणालो. "गव्हाणीचं."

तासाभराचं काम होतं. कोब्यातले बोल्ट सोडवायचे, ग्राइंडरनं चार बोटं उडवायची आणि परत खाली पट्ट्या जोडायच्या. पहिल्या पायाला ग्राइंडर लावला, ठिणग्या उडायला लागल्या, आणि मी बटण बंद केलं. आज चार बोटं. पुढच्या वर्षी? वडील असतानाची आई मला आठवत होती, दाराच्या चौकटीवरचं तोरण हातानं बांधणारी. आता तिला त्यासाठी मला हाक मारावी लागते. माणसाची हाडं दुकानातल्या पाइपासारखी नसतात, कापलं त्या मापाला राहायला. ती खाली खालीच जाणार होती, आणि दरवेळी ती मला सांगणार नव्हती. टाचा उचलणार होती.

म्हणून मी चारही पाय निम्म्यातून कापले. आत सरकेल असा दीड इंची पाइप घेतला, त्याला दोन-दोन बोटांवर भोकं पाडत खालपर्यंत गेलो. वरच्या जाड पाइपाला एकच आरपार भोक. आतला पाइप हव्या तेवढा आत सरकवायचा, भोकाला भोक जुळवायचं आणि जाड बोल्ट घालून आवळायचा. गव्हाण पाहिजे तेवढी खाली येणार. ठोकळ्यासारखे ठाम पाय करण्यापेक्षा असे हलते पाय ठाम करणं अवघड. पाइपात पाइप जरासा जरी ढिला राहिला तर सगळं खुळखुळतं. ती फट मारायला मला एक अख्खा दिवस लागला. शेवटी रेडऑक्साइड मारला आणि वर कुणाच्या तरी फाटकाचा उरलेला निळा रंग. ह्या खेपेला माप घेताना मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि आईचं लुगडं घोट्याच्या वर करून तिच्या टाचा दोन्ही हातांनी जमिनीला धरून ठेवल्या. टेप बायकोनं लावली. आई हसून हसून बेजार झाली. "सोड रं, गुदगुल्या हुतात!" टाका ओढला जाईल म्हणून मीच तिला हसायची बंदी केली.

भाऊ वसुबारसेला सकाळी उतरला. बॅग हातातच होती आणि आई त्याला घेऊन गोठ्यात गेली. आमच्याकडं गाय नाही, आई म्हशीलाच ओवाळते. तिनं उभ्यानं निरांजन ओवाळलं, उभ्यानं पाटी उचलली आणि गव्हाणीत कुट्टी ओतली, एक काडी सांडली नाही. मग हात घालून तळातलं चघाळ बाजूला काढून दाखवलं. पाठ सरळ. म्हैस खायला लागली. भावानं बॅग खाली ठेवली आणि खांदा लावून गव्हाणीला जोरात रेटा दिला. मग उलट्या बाजूनं दिला. खाली बसून एकेक बोल्ट हातानं चाचपला. मला राग येत होता.

उठून हात झटकत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग."

आईनं त्याच्याकडं पाठ केली आणि म्हशीच्या कपाळावरचं कुंकू नीट करत राहिली. बराच वेळ करत होती. भावाचेही डोळे भरले होते. तो हळवा आहे हे मी आधीच सांगितलंय.

दिवाळी झाली, भाऊ गेला. आईची खुर्ची आता दारातून गोठ्यात आली होती. एका दुपारी मी धारेच्या भांड्यांसाठी एक कट्टा करत होतो आणि ती गव्हाणीजवळ बसून होती. म्हैस रवंथ करत होती. आई म्हणाली, "बोल्ट तर वर हाय. मग खाली ही भोकं कशाला?"

"जमीन उताराची हाय न्हवं, म्हनून."

"उतार गटारीकडं हाय. भोकं चारी पायांस्नी हायती."

मी कामातून मान वर केली नाही. तरी डोळ्याच्या कडेनं तिचं बोट हवेतच एकेका भोकावर थांबत खाली गेलेलं मला दिसलं. पाच होती. ती खूप शांतपणे, पापड किती लाटायचे हे बायकोला सांगावं तशी म्हणाली, "लय पाडलीस रं. मला दोन-तीन बास हुतील."

"गप गं आये," मी खेकसलो. "कायबी बोलतीस." आणि उगाचच उठून म्हशीचं दावं सोडलं आणि परत बांधलं. मला आई हवी आहे, एवढं साधं वाक्य मला तिच्यासमोर बोलता आलं नाही, अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ड्रिल मशिन घरी घेऊन आलो. गोठ्यात वायर ओढली, गव्हाणीखाली आडवा झालो आणि चारही पायांना सगळ्यात खाली आणखी एकेक भोक पाडायला घेतलं. त्या भोकाला बोल्ट लावला तर गव्हाण माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर राहील. लोखंडाचा कीस माझ्या छातीवर पडत होता. आई खुर्चीतून बघत होती. पहिलं भोक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ड्रिल जरा घसरला, तेव्हा तिनं पाय पुढं करून माझ्या पोटरीला हळूच ढोसलं.

"पाडतोयस तर सरळ पाड," ती म्हणाली.